तळ्याचा रस्ता बंद व्हायच्या आत

२ ऑगस्ट

एकदा तळ्याच्या चढावर मोटरसायकल बंद पडली होती आणि ताईने माझा टूथब्रश मागितला होता. मी विचारलंसुद्धा नाही कशाला. काढून दिला! तिने इंजिनाचा प्लग उघडला, माझ्या ब्रशने घासघासून काजळी काढली, ब्रश पँटला पुसला आणि परत माझ्या हातात ठेवला. ''घे छोटे, आता दात चकचकीत होतील.'' मग इंजिन गार होईपर्यंत आम्ही कठड्यावर बसून संत्री सोलली. बिया कोण लांब थुंकतं याची पैज लागली. आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरनी हे पाहिलं असतं तर दोघींना बाकावर उभं केलं असतं. बस, एवढंच. दुसरं काही घडलं नाही त्या दिवशी.

आज दवाखान्यातून येताना टॅक्सीत हेच आठवत राहिलं. डॉक्टर चांगले आहेत, गोड बोलतात, पण बोलले ते बोललेच — येत्या हिवाळ्यापर्यंत ताईला टेकूशिवाय बसता येईनासं होईल. नसा एकेक करून काम सोडतायत. हात आधीच गेल्यात जमा. पाय गेले. आता पाठ आणि मान.

ताई खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, ''तळ्यावर जाऊ.'' मी म्हटलं, जाऊ, टॅक्सी करू. ''टॅक्सीने मेलेले जातात. गाडीने जाऊ.''

गाडी दोन हिवाळे ताडपत्रीखाली उभी आहे. वर डोंगरातला तळ्याचा रस्ता पहिलं बर्फ पडलं की बंद होतो, म्हणजे ऑक्टोबर अखेर. आणि चालवणार कोण? जन्मभर ताईने चालवली, मी मागे बसले.

''तू,'' ताई म्हणाली. जणू मीठ दे म्हणावं तसं.

५ ऑगस्ट

ताडपत्री काढली. कोळ्यांची वसाहत! दोन्ही बाजूच्या सामानाच्या पेट्यांवर इतकी धूळ की बोटाने नाव लिहावं. ताई चाकाच्या खुर्चीत, गॅरेजच्या दारात, हेडमिस्ट्रेससारखी.

किल्ली फिरवली, सेल्फचं बटण दाबलं. टक. परत दाबलं. टक.

''बॅटरी गेली,'' ताई म्हणाली. ''तोंड पाडू नकोस. बॅटऱ्या जातातच.''

कोपऱ्यावरचा मेकॅनिक नवीन बॅटरी घेऊन आला. ताई त्याला मिशी म्हणते, तोंडावरसुद्धा, आणि त्याला ते आवडतं. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, जीभ टाळ्याला लावून च्च केलं. ''ताई, हिला विका आणि मस्त सोफा घ्या.''

''सोफ्यावर बसून तुझी मिशी बघू का?''

सेल्फ आता फिरतो. इंजिन मात्र हूं की चूं नाही.

११ ऑगस्ट

पेट्रोल सडतं हे मला माहीत नव्हतं. टाकीतून काढलं तर रंगासारखा वास, आणि खाली तपकिरी चिकट गाळ. तोच गाळ कार्बोरेटरमध्ये. ताईने खुर्चीतून एकेक स्क्रू सांगितला आणि मी तो भाग उघडून वर्तमानपत्रावर मांडला. पितळेचे दोन जेट — ज्यांतून पेट्रोल इंजिनात जातं ते — गच्च बुजलेले. भोक इतकं बारीक की उजेडाला धरूनही दिसेना.

ताईला तेवढ्यात डुलकी लागली. मी उठवलं नाही. शिवणाच्या डब्यातली सगळ्यात बारीक सुई घेतली आणि दोन्ही जेट कोरून साफ केले. शाळेत सिस्टर माझं भरतकाम वर्गभर फिरवून दाखवायच्या. तोच हात. दोन्ही भोकांतून आभाळ दिसलं. फार दिवसांनी काहीतरी नीट केल्यासारखं वाटलं.

१२ ऑगस्ट

''सुईने?''

ताईने डोळे मिटले.

पितळ मऊ असतं. सुई पोलादाची. मी भोकं साफ केली नाहीत, मोठी केली! गाडी सुरू झाली खरी — गल्लीभर काळा धूर, प्लग कोळशासारखे, पाच मिनिटांत बंद. पेट्रोल गरजेपेक्षा कितीतरी जास्त जातंय. फुंकून साफ करायचे असतात, फार तर विजेच्या वायरीतला तांब्याचा एक तंतू. इतकं साधं. मी तिला उठवून विचारलं का नाही?

जेट नवीनच लागणार. या मॉडेलचे आता कुठे मिळतात, देव जाणे.

१३ ऑगस्ट

सकाळपासून खोलीचं दार लावून बसले. ताईने दुपारी खुर्ची माझ्या दाराशी आणवली. ''छोटे, ए छोटे. तुझ्या भरतकामाबद्दल मिशीला सांगितलं. तो म्हणतो रुमालाला एक गाडी काढून दे.'' मला हसू आलं आणि मग रडूच आलं.

२० ऑगस्ट

मिशीने चार शहरांत फोन लावले. जेट नाहीत. दादाचा फोन आला — तो आमच्या दोघींच्या मधला, दूर राहतो, आमच्याबद्दलचे निर्णय तिथून घेतो.

''विकून टाका गं ते धूड. तिला माझ्याकडे आण. खोली तयार आहे.''

मी म्हटलं, तळ्यावर जाऊन आल्यावर बघू.

''कसलं तळं? तिला घास गिळता येत नाही नीट आणि तुम्ही तळं करताय?''

तो वाईट नाही. पण त्याचं बरोबर असलं की जास्त राग येतो.

२९ ऑगस्ट

आज ताईच्या हाताला चमचा बांधावा लागला. रुमालाने. तिने सोंग केलं की ही गंमत आहे.

४ सप्टेंबर

जेट आले! मिशीच्या कुणा ओळखीच्याने भंगारातल्या गाडीतून काढून पाठवले. ताईने मला हात धुऊन यायला लावलं, ऑपरेशनच्या आधी धुतात तसे. बसवले. मग कार्बोरेटरचा स्क्रू पाऊण वळसा इकडे, अर्धा तिकडे — ताई डोळे मिटून आवाज ऐकत होती. ''अजून... अजून... थांब! आता बघ, श्वास घेतेय.''

खरंच घेत होती. तो जुना आवाज, खोलवरून येणारा. जन्मभर तो मागच्या सीटवर बसून ऐकला आहे मी. गॅरेजची खिडकी थरथरत होती.

६ सप्टेंबर

सेल्फ दाबला. टक.

बॅटरी परत उतरली. नवी कोरी बॅटरी! रात्रभर चार्जिंगला लावली.

९ सप्टेंबर

परत टक.

मिशी म्हणतो बॅटरीला चार्ज देणारा भागच गेलाय, बदलायला हवा. ताई म्हणते, ''मूर्खा, तो गेला असता तर गाडी चालताना बॅटरी उतरली असती. ही उभ्या उभ्या उतरतेय. कुठून तरी वीज गळतेय, ती शोध.'' मिशी मिशीत पुटपुटला. दोघांचं भांडण ऐकायला मला आवडतं, पण ताईचे शब्द हल्ली एकमेकांना चिकटतात. 'गळतेय' तिला दोनदा म्हणावं लागलं. मिशीने पहिल्या वेळीच समजल्यासारखी मान हलवली होती. भला माणूस.

आज एकेक फ्यूज काढून बघितला. काही सापडलं नाही. सप्टेंबर असाच निघून चाललाय.

१३ सप्टेंबर

ब्रेकचं लिव्हर स्पंजासारखं दबत होतं. आत हवा शिरली की असं होतं. ती काढायला दोन माणसं लागतात, एकाने लिव्हर दाबायचं, दुसऱ्याने खाली नट सैल करायचा. मी खाली. वरती दुपारच्या मावशी — ताईला सांभाळायला येतात त्या. ताई हुकूम सोडत होती: ''दाब. धर. धर! सोड.'' मावशी घामाघूम. ''ताई, माझ्या बाळंतपणात पण इतकं ओरडलं नव्हतं हो कुणी.''

खूप हसलो. मग किल्ली फिरवली. टक.

हात टेकले मी. खरंच टेकले. तिथेच पायरीवर बसून राहिले.

१६ सप्टेंबर

औषधाचं दुकान बंद होतं म्हणून दुपारी लवकर परतले. गॅरेजचं दार अर्धवट उघडं.

ताईची खुर्ची गाडीला खेटून. मावशी तिचा हात धरून हँडलवर ठेवत होत्या. गाडीचे काट्यांमागचे दिवे लागलेले — हिरवा, लाल, केशरी. ताई त्या दिव्यांकडे बघत बसली होती. चेहरा असा, जसा ती रस्त्यावर असताना असायचा. तो चेहरा मी फारदा पाहिला नव्हता, मी मागे असायचे.

मग तिने किल्ली बंद करायला घेतली. मावशींनी हात पुढे केला तर मान झटकली. दोन्ही तळव्यांमध्ये किल्ली धरून तिने सगळं अंग वळवलं. या गाडीत 'बंद'ची खाच मधोमध आहे. एका अंगाला चालू, दुसऱ्या अंगाला रस्त्याकडेला गाडी उभी करताना मागचा छोटा दिवा लावून ठेवायची सोय. मधल्या खाचेवर थांबवायला बोटं लागतात. ताईच्या तळव्यांनी किल्ली थेट पलीकडे गेली. काट्यांचे दिवे विझले. मावशींनी किल्ली काढून खिळ्याला अडकवली. मागचा छोटा दिवा भिंतीकडे तोंड करून जळत राहिला.

रोज दुपारी. मी बाजारात गेले की. आणि रोज रात्रभर तो दिवा.

मी आल्या पावली मागे वळले. कोपऱ्यापर्यंत गेले आणि चपला वाजवत परत आले.

१७ सप्टेंबर

मागच्या छोट्या दिव्याचा बल्ब काढून टाकला. मावशींना स्वयंपाकघरात गाठलं. ''मला शपथ घातलीय हो त्यांनी,'' त्या रडकुंडीला आल्या. मी म्हटलं, काही बंद करायचं नाही. रोज बसवत जा.

मिशीला सांगितलं, गळती सापडली.

''कुठे होती?''

''होती एक वायर.''

''कुठली?''

''अरे, सापडली ना? मग!''

ताई शेजारीच पेपर वाचत होती. पान उलटायला तिला मी लागते, पण तिने मला हाक मारली नाही. बराच वेळ तेच पान.

२२ सप्टेंबर

मिशी मला मैदानात चालवायला शिकवतो. पहिल्या दिवशी पडले, दुसऱ्या दिवशी पडले. या गाडीचं वजन! एकदा कलली की कलली. गुडघा काळानिळा. मिशी म्हणतो, ''बाई, रस्त्याकडे बघा, चाकाकडे नको. चाक कुठे पळून जात नाही.''

आज न पडता एक फेरी झाली. घरी येऊन ताईला सांगितलं तर ती झोपेत होती. मान एका बाजूला लोंबलेली. मी सरळ केली. परत लोंबली.

ही मागच्या सीटवर कशी बसेल? कुणाला धरून? कशाने?

गेला दीड महिना मी प्लग, जेट, ब्रेक करत बसले. या एका गोष्टीकडे बघायचं टाळलं. गाडी दुरुस्त होते.

२५ सप्टेंबर

मिशीनेच काढलं. ''साइडकार लावू.''

ताई: ''मी काय दुधाचा कॅन आहे?''

मिशी: ''दुधाचा कॅन गप्प बसतो, ताई.''

तिने त्याच्याकडे इतका वेळ रागाने बघितलं की त्याने मिशी चाचपली. मग म्हणाली, ''उशा लागतील.''

३ ऑक्टोबर

साइडकार जुनी, रंग उडालेला, पण मजबूत. जोडली. आता गाडी सरळ जायलाच तयार नाही! गती वाढवली की एका अंगाला ओढते, ब्रेक लावला की दुसऱ्या. हँडलशी झोंबून खांदे भरून आले. ताई म्हणाली, दोन्ही चाकांना लांब फळ्या लावून बघ, पुढून आणि मागून अंतर मोज, साइडकारचं चाक पुढच्या बाजूने किंचित आत वळलेलं हवं. आमचं बाहेर फाकलं होतं. तीन वाक्यं सांगायला तिला सबंध सकाळ लागली. मी मध्ये शब्द पुरवला की चिडते. म्हणून थांबले. थांबणं फार अवघड असतं.

बदलून झालं. आता ओढते, पण ओढाळ गुरासारखी नाही, हात धरून नेणाऱ्या मुलासारखी.

९ ऑक्टोबर

नेलं! ताईला. पाण्याच्या टाकीपर्यंत आणि परत.

मानेला पट्टा, कुशीला उशा, कमरेला पट्टा. मावशींनी आणि मिशीने उचलून ठेवलं. मी सुरू केली. आयुष्यात पहिल्यांदा ताई माझ्या बाजूला होती, पुढे नाही. मी रस्त्यावरून नजर काढली नाही. शिकवलंय तसं. टाकीपाशी थांबले तेव्हा वळून पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती, किती वेळ कोण जाणे.

काहीतरी म्हणाली. इंजिन बंद केलं, वाकले.

''इतकी वर्षं... नुसता तुझा आवाज... मागून. तोंड... आज बघितलं. गाडीवर... कसं दिसतं.''

''कसं दिसतं?''

''परीक्षेला... बसल्यासारखं.''

परत येताना मी हसत होते आणि हेल्मेटच्या काचेआड दिसत नव्हतं काही.

२६ तारखेला निघायचं. मिशी मागून त्याच्या गाडीने येईल.

१२ ऑक्टोबर

आता क्लच! लिव्हर इतकं जड झालंय की चौकात गिअर टाकताना दोनदा गाडी बंद पडली. मागच्या गाड्यांनी भोंगे वाजवून जीव नकोसा केला. ताईला विचारलं. ''वायर... तेल.''

वायरीत तेल सोडलं. थोडं बरं वाटलं. की मीच तसं ठरवलं?

१४ ऑक्टोबर

बरं नाही. तसंच. नवी वायर घातली. वळणावर कुठे दबतेय का पाहिलं, मोकळ्या हाताने फिरवली. लिव्हरचा सांधा काढून ग्रीस भरलं. आता कारणच उरलं नाही जड असायला.

जड आहे.

दादाचा फोन. वर पहिला हिमवर्षाव लवकर होणार म्हणतात. ''ऐक माझं.'' मी ठेवून दिला.

१६ ऑक्टोबर

ताई आज काही बोलली नाही. शब्द येतच नाहीत. डोळ्यांनी हो आणि नाही. 'तळं?' विचारलं की डोळे दोनदा, जोरात, हो.

मी दिवसभर क्लचच्या मागे. रात्री हात इतका थकतो की कप धरवत नाही. गाडीच अशी हट्टी, शेवटच्या घटकेला नडणारी! ती भंगारात टाकून द्यावीशी वाटली.

१७ ऑक्टोबर

गाडी मिशीकडे नेली. म्हटलं, तूच बघ, माझी अक्कल संपली. त्याने लिव्हर दाबलं. परत दाबलं. मग दोन बोटांनी दाबलं. मग एका.

''बाई, लोण्यासारखा आहे की क्लच.''

मी म्हटलं, नीट बघ.

''नीटच बघतोय.'' आणि मग तो लिव्हरकडे बघेना. माझ्या डाव्या हाताकडे बघायला लागला. मीही बघितलं. अंगठ्याच्या बुडाशी, जिथे मांसल असतं, तिथे खळगा. कधी पडला?

१८ ऑक्टोबर

गेले नाही डॉक्टरांकडे.

२० ऑक्टोबर

गेले. तेच डॉक्टर, तीच खुर्ची. त्यांनी एकेक बोट दाबून पाहिलं, ''माझं बोट ढकला'' म्हणाले. मी ढकललं. त्यांना ते कळलंसुद्धा नसावं. मग कपाटातून ताईची फाइल काढली आणि तिच्या शेजारी एक कोरी उघडली. क्लचमध्ये कधीच काही बिघाड नव्हता.

२१ ऑक्टोबर

हात लिहितोय तोवर लिहून ठेवते.

मोटरसायकल, साइडकारसकट, मिशीला. तळ्याहून आल्यावर. पाने-पकडी, उरलेले प्लग, सगळं त्यालाच. माझं शिवणाचं यंत्र आणि भरतकामाचे धागे मावशींना. ताईचं लेदरचं जाकीट दादाच्या मुलीला, तिला ते मोठं होईल, होऊ दे. घर दादा बघेल. ताई दादाकडे जाईल, आणि तिच्या खोलीत दुसरी खाट मावेल का, हे मी त्याला उद्या फोनवर विचारेन.

शनिवारी, २६ला, मिशी चालवेल, मी त्याच्या मागे बसेन. ताईने डोळ्यांनी विचारलंच, तू का नाही. मी म्हटलं, वरचा रस्ता निसरडा आहे गं, माझा धीर होत नाही. ती चिडली आहे. चिडू दे.

तिला दुसरं काही सांगायचं नाही. आधी तळं.